आत्याचे माळवद आणि पंधरा खांबांची वही

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील बालाघाटावर एक लहान गाव आहे. त्या गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडे आपली वस्ती. वस्तीच्या टोकाला आमच्या आत्याचे घर. बाहेरून पाहणाऱ्याला ते मातीचा ढिगारा वाटावे असे. पण आत पाऊल टाकले की डोक्यावर काळेभोर सागवान, हाताच्या पंजाएवढ्या जाड कड्या आणि कवेत न मावणारे खांब. मराठवाड्यात ज्याला माळवदाचे घर म्हणतात, तेच हे.

मार्च २०२३ मध्ये, शिमगा सरल्यावर, आत्याचा निरोप आला. घरकुल मंजूर झाले आहे, जुने घर पाडायचे आहे, लाकूड घ्यायला बीडहून व्यापारी येऊन गेला, एकगठ्ठा पैसे देतो म्हणतो. तुम्ही येऊन एकदा बघून जा.

निरोप ऐकून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. आपल्या बाईला पक्के घर मिळते आहे, यापेक्षा चांगली बातमी कोणती? तो झालाही. पण त्या रात्री आम्हा उभयतांना झोप आली नाही. त्या घरात आमचे बालपणीचे उन्हाळे गेले. आजा वारला तो त्याच ओसरीवर. आणि त्या घराचा एक साधा फोटोसुद्धा आमच्याकडे नव्हता. लग्नाचे फोटो होते, त्यात मागे खांबाचा एक कोपरा दिसतो, एवढेच.

तेव्हा ठरले. घर राहो वा जावो, आधी त्याची नोंद करायची. आम्ही दोघे, अकरावीत शिकणारी आमची मुलगी आणि नुकताच कारखान्यावरून परतलेला आतेभाऊ, असे चौघे कामाला लागलो. सोबत पन्नास फुटी टेप, चौकटीच्या कागदाची वही, ओळंबा आणि एक मोबाईल.

माळवद म्हणजे काय

आजच्या पिढीतील पुष्कळ मुलामुलींनी माळवद हा शब्द फक्त आजीच्या तोंडून ऐकला असेल. खानदेशाकडे याच प्रकारच्या छपराला धाबे म्हणतात. जिथे पाऊस बेताचा, उन्हाळा कडक आणि लाकूड महाग, तिथे हे घर शोभते. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. कोकणासारखे उतरते कौलारू छप्पर इथे लागत नाही. सपाट छपरावर मिरच्या वाळवता येतात, उन्हाळ्यात झोपता येते, आणि आतला गारवा तर पंख्यालाही लाजवतो.

बांधणी अशी. जमिनीत दगडी उथळे बसवायचे, त्यावर लाकडी खांब. खांबांवर आडव्या तुळया. दोन तुळयांच्या मधल्या जागेला खण म्हणायचे. घर केवढे, याचे उत्तर गावात चौरस फुटांत कोणी देत नाही. पाच खणांचे, सात खणांचे, असे सांगतात. एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर कड्या टाकायच्या, कड्यांवर फळ्या नाहीतर चिपा. ज्याला फळ्या परवडत नाहीत तो तुराट्या अंथरतो. त्यावर वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला, मग चिखल, आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची, गढीची चिकण खारी माती. पहिल्या सरीने ती फुगते आणि बारीक फटी आपोआप बुजतात. पाणी पन्हाळीतून भिंतीपासून दूर पडते. छपराला मधोमध एक भोक ठेवतात, ते सवणं. उजेड खाली येतो, चुलीचा धूर वर जातो. पाऊस आला की त्यावर पालथे घमेले.

भिंती दगडमातीच्या, दोन दोन फूट जाड. भिंतीत कोनाडे, दिवळ्या आणि धान्य साठवायचे बळद.

दरसाल मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरावी लागते. ऊसतोडीला गेलेली माणसे चैत्र-वैशाखात परत येतात. आल्या आल्या पहिले काम हेच. वस्तीतील बायका डोक्यावर पाट्या वाहतात, पुरुष वर चोपणीने ठोकतात. एका वर्षी हे राहून गेले तर श्रावणात घर रडते, असे आत्या म्हणते.

खांब मोजताना

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. घराच्या चारी बाजू मोजल्या, वहीत काढल्या, तर चौथी रेघ पहिलीला मिळेना. दोन वेळा मोजले. मुलगी म्हणाली, बाबा, घर काटकोनात आहे असं आपण धरून चाललोय, ते आहे का? मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे अंतर घेतले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा नऊ इंचांनी जास्त निघाला. घर तिरके होते आणि आम्ही वही दोष देत होतो. तेव्हापासून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचा नियम केला. जुने घर मोजणाऱ्या कोणालाही आम्ही आधी हेच सांगू.

आतून लांबी साडेवीस फूट, खोली चौदा फूट. पाच तुळया, म्हणजे मध्ये चार खण. प्रत्येक तुळईखाली तीन खांब. एकूण पंधरा खांब. आम्हाला लहानपणापासून सहाच ठाऊक होते, ओसरीचे तीन आणि माजघराच्या कुडातले तीन. उरलेले नऊ भिंतींच्या पोटात गाडलेले. भिंतीचे लिंपण जिथे सुटले होते तिथून त्यांचे अंग दिसले. पूर्वेकडून पश्चिमेकडे आम्ही ओळींना एक ते पाच असे क्रमांक दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शिडीवर चढून बॅटरीच्या उजेडात तुळयांचे फोटो काढत होती. तिने हाक मारली. तुळईच्या पोटाला, खांबाच्या सांध्याजवळ, पटाशीने केलेल्या उभ्या रेघा होत्या. पहिल्या ओळीत एक रेघ, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. आम्हाला वाटले, आजाने नेमलेल्या सुताराच्या खुणा. पण चौथ्या ओळीत सात रेघा होत्या आणि पाचव्या ओळीत नऊ. चार, पाच, सहा आणि आठ या खुणांचे लाकूड घरात कुठेच नाही.

आत्या उंबऱ्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितले, "आरं, ते लाकूड काय नवं हाय व्हय? वाड्याचं हाय ते."

मग तिने जे सांगितले ते आम्ही त्याच वहीत, नकाशाच्या पाठीमागे लिहून घेतले. आमचा आजा परळीच्या रेल्वेमार्गावर गँगमन होता. पगार बांधलेला, हातात चार पैसे राहायचे. आत्याचे लग्न झाले त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७० च्या सुमारास, शेजारच्या गावातला एक मोठा वाडा भावाभावांच्या वाटणीत मोडला. लाकूड विकायला निघाले. आजाने त्यातले पाच ओळींचे लाकूड घेतले आणि बैलगाड्यांतून वस्तीवर आणले. वाडा उतरवताना सुताराने कोणते लाकूड कुठे बसते हे कळावे म्हणून रेघा मारल्या होत्या.

त्या वाड्याच्या ढेलजेबाहेर आमचे पणजोबा वेसकर म्हणून उभे राहत. ढेलजेच्या आत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकले नाही. आजाने ही गोष्ट पोरांना कधी सांगितली नाही. आत्यालाही ती तिच्या आजीकडून कळली. आज त्याच खांबाला टेकून आत्या ज्वारी निवडते.

हे ऐकल्यावर आमच्या आतेभावाने टेप खाली ठेवला आणि बराच वेळ तो त्या खांबावरून हात फिरवत राहिला.

साडेबावीस टन

आता दुसरी बाजू. जुन्या घराच्या प्रेमात पडणारी माणसे बहुधा त्या घरात झोपत नाहीत. आम्हीही नाही. झोपते आत्या.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. गणपती विसर्जनाची रात्र होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. तो हादरा आमच्या आत्याच्या गावालाही जाणवला. त्यानंतर ती तीन महिने अंगणात झोपली, आणि आजही ढग गडगडले तरी उठून बसते.

किल्लारीला माणसे मेली ती बहुतांशी अशाच घरांत. मोठमोठ्या अनघड दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भराव. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच थर सुटले. आणि वर माळवदाची माती. वर्षानुवर्षे पसरत गेलेली, कोणीही कधी न काढलेली, फूट-दोन फूट जाड. तीच अंगावर आली.

मात्र पुढे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली. जिथे तुळया भिंतीवर टेकलेल्या नव्हत्या, लाकडी खांबांवर होत्या, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि छप्पर कोसळले नाही. अशा सांगाड्याखाली माणसे वाचली. दोष लाकडाचा नव्हता. दगड रचण्याच्या रीतीचा आणि वरच्या ओझ्याचा होता. आपल्या भागात मात्र लोकांनी सरसकट माळवदालाच घाबरायला सुरुवात केली, लाकूड विकले आणि पत्रे घातले. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होते ते आम्ही नव्याने सांगायला नको.

म्हणून आम्ही माळवद मोजले. सवण्याच्या कडेला माती उघडी पडते. चार ठिकाणी टोचून पाहिले, सरासरी पावणेदोन फूट भरली. मुलीने वहीत हिशेब मांडला. साडेवीस गुणिले चौदा, म्हणजे दोनशे सत्याऐंशी चौरस फूट. जाडी धरून पाचशे दोन घनफूट माती. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी साडेबावीस टन.

आतेभावाने हिशेब ऐकला आणि म्हणाला, "म्हंजी आई, तू डोक्यावर अकरा गाड्या ऊस घिऊन झोपतीस की!"

बैलगाडीत दोन टन ऊस भरणाऱ्या माणसाचा हा हिशेब कागदावरच्या आकड्यापेक्षा आत्याला लवकर पटला.

मग खांब एकेक ठोकून पाहिले. पश्चिमेच्या भिंतीतले, पाचव्या ओळीचे दोन खांब वाळवीने पोखरलेले. पेचकस दांड्यापर्यंत आत गेला. तिथे तुळई नुसती भिंतीवर टेकली होती. किल्लारीच्या घरांचा जो दोष, तोच आमच्या घराच्या त्या कोपऱ्यात. बाकीचे तेरा खांब खणखणीत.

घर पाडू नका असे सांगायला गेलेले आम्ही, आत्याची झोप कुठे हलवायची याची चिंता करत परतलो. त्या रात्रीपासून तिची खाट पूर्वेच्या खणात लावली.

भाच्याचा प्रश्न

या सगळ्या खटाटोपावर वस्तीत चर्चा झालीच. पुण्याला कंपनीत काम करणारा आमचा एक भाचा सुटीवर आला होता. तो स्पष्ट बोलला. बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे खरे रूप सगळ्या देशासमोर मांडले. आणि तुम्ही त्याच खेड्यातले मोडके घर जपायला निघालात? पणजोबांना ज्या वाड्यात शिरू दिले नाही त्याची लाकडे कसली मोजता?

प्रश्न योग्य होता. आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही पुरते देता येते असे नाही.

पण आम्हाला असे वाटते. गावातल्या मोठ्या वाड्यांचे फोटो पुस्तकांत येतात. गढ्यांवर लेख येतात. वाडा कोणी बांधला म्हणून मालकाचे नाव लागते. त्याची माती कोणी तुडवली, तुळया खांद्यावरून कोणी वाहिल्या, हे लिहीत नाहीत. आणि गावकुसाबाहेरच्या घरांची तर नोंदच नाही, कारण ती बहुतेक गवताची, कुडाची. जळाली, वाहून गेली. गँगमनच्या पगारातून उभे राहिलेले सागवानी घर वस्तीत होते, याला पुरावा काय? उद्या भाच्याचीच मुले विचारतील तेव्हा दाखवायला काय असेल? लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर, जिथे विद्यार्थीदशेत बाबासाहेब राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले तेव्हा आपल्या सर्वांचा ऊर भरून आला. ते घर विटांसाठी कोणी घेतले नाही.

शिवाय लाकडाशी आपले नाते जुने आहे. सहलीला वेरूळला जाणारी आपली कुटुंबे दहा क्रमांकाच्या लेण्यात जरूर थांबतात. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. धम्मचक्राची शिकवण देत बसलेल्या बुद्धमूर्तीच्या डोक्यावर दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत. दगडाला फासळ्यांची काय गरज? गरज नव्हती. पण आधीचे चैत्य लाकडी होते, त्यांची आठवण कारागिरांनी डोंगरात कोरली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या सागवानी फासळ्या आजही छताला आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्री आहे. तेवढे लाकूड टिकले म्हणून लाकडी चैत्य कसा असेल हे आपल्याला कळते. लाकडी विहारांची नोंद कोणी वहीत केली नव्हती.

जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यूजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते, तेराशे वर्षे झाली. किल्लारी हादरली त्याच १९९३ सालच्या डिसेंबरात ते जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. जानेवारी १९४९ मध्ये त्याच्या मुख्य सभागृहाला आग लागली आणि अजिंठ्याची आठवण करून देणारी भिंतीचित्रे करपली. पण त्या वेळी दुरुस्तीसाठी इमारतीचा वरचा भाग उतरवून बाजूला ठेवलेला होता. तो वाचला आणि पुन्हा चढवता आला. लाकडी घराचा हा मोठा गुण. ते सुटे होते आणि पुन्हा जुळते. स्वीडनमध्ये १८९१ पासून स्कान्सेन येथे खेड्यापाड्यांतली घरे अशीच उतरवून पुन्हा उभी केली आहेत. चेन्नईजवळ दक्षिणचित्र येथे १९९६ पासून दक्षिणेतील राज्यांची जुनी घरे पाहता येतात. आमच्या आजाने असले काही ऐकलेले नव्हते. त्याने १९७० साली रेघा मोजून घर जुळवले.

भाचा म्हणाला, ठीक आहे, पण आत्याला संडास-न्हाणी पाहिजे. त्यावर मात्र कोणाचेच दुमत नव्हते.

गणेशपट्टीची गोष्ट

एप्रिलमध्ये चौकटीची पाळी आली. ओसरीतून माजघरात जाण्याच्या दाराची चौकट जड सागवानी, खाली उंबरा, वर पट्टी. ओसरीच्या बाजूने पट्टी कोरी, गुळगुळीत. आम्ही तशी काढली. मुलगी आतून मोजत होती. आतल्या बाजूला पट्टीवर लिंपणाचा जाड थर होता, तो एका कोपऱ्यात निसटला होता. आत कोरलेले पान दिसले, शेजारी सोंडेचे टोक.

जुन्या वाड्यांच्या दारावर गणेशपट्टी असते हे सर्वांना ठाऊक आहे. आजाने दीक्षा घेतली होती, बावीस प्रतिज्ञा तो तोंडपाठ म्हणायचा. त्या लाकडाचे काय करावे हा प्रश्न त्याच्यापुढे आला असेल. तासून टाकणे सोपे होते, रंधा सुताराच्या हातातच होता. त्याने पट्टी उलटी बसवली आणि आतून मातीने लिंपून घेतली. का, हे विचारायला तो नाही. आत्याला एवढेच आठवते की सुतार तासायला निघाला तेव्हा आजा म्हणाला होता, कोणाच्या तरी हाताची मेहनत आहे, राहू दे.

आम्ही थर खरवडला नाही. जेवढे दिसले तेवढेच मोजून काढले आणि बाजूला लिहिले, आतील बाजू लिंपलेली.

वही कशी केली

ज्यांच्या गावाकडे असे घर अजून उभे आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत सांगतो. वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या चौघांत ती कोणाकडेच नव्हती.

आधी घराभोवती फिरून हाताने ढोबळ नकाशा काढावा आणि मगच टेप उघडावा. टेप एका टोकाला धरून सलग मापे घ्यावीत. तुकड्या-तुकड्यांनी घेतली की चूक वाढत जाते. फोटो काढताना शेजारी एक फुटाची काठी उभी करावी, नाहीतर कोनाडा केवढा ते पुढे कळत नाही. फोटो दुपारी बाराच्या आत काढावेत, ओसरीत तेव्हा उजेड चांगला. प्रत्येक खांबाला, तुळईला क्रमांक द्यावा आणि तो खडूने लाकडावरही लिहावा. घर उभे कापले तर कसे दिसेल असे एक चित्र हवेच. उथळ्यापासून माळवदापर्यंतची उंची त्यात येते आणि घराची खरी रचना त्यातच कळते.

शब्द आत्याकडून घ्यावेत, पुस्तकातून नव्हे. आम्ही वहीत एका कोनाड्याला कोनाडा लिहिले तर तिने दुरुस्ती केली. चुलीशेजारचा कोनाडा, दिव्याची दिवळी आणि भाकरीची फळी यांना तिच्याकडे वेगवेगळी नावे. बाळंतिणीची खाट कुठे असायची, आजा पंचशील म्हणायला कुठे बसायचा, बाबासाहेबांचा पहिला फोटो कोणत्या खांबाला लावला होता, खिळ्याचे भोक अजून आहे का, हेही लिहावे. भोक आहे. दुसऱ्या ओळीचा मधला खांब, जमिनीपासून पाच फूट चार इंच.

आणि वहीच्या दोन प्रती काढाव्यात. एक घरात, एक दुसरीकडे. मोबाईल पाण्यात पडतो हे आम्ही याच कामात शिकलो. पहिल्या आठवड्याचे सगळे फोटो त्यात गेले आणि पुन्हा काढावे लागले.

काय राहिले, काय गेले

शेवटी निर्णय आत्याने घेतला. घर तिचे. तिने सर्वांना बसवून सांगितले, "मपलं म्हातारपण मला पक्क्या घरात काढायचंय. पर सगळं मोडून नाय."

परसात जागा मोजली. घरकुलाला पुरेशी निघाली. घरकुल तिथे घ्यायचे ठरले. जुन्या घराचे पश्चिमेचे दोन खण, वाळवीचा कोपरा धरून, उतरवायचे. पूर्वेचे दोन ठेवायचे.

५ मे २०२३ ला बुद्धपौर्णिमा होती. वंदना झाल्यावर वस्तीतली ऊसतोडीची पोरे पाट्या घेऊन आली. माळवदावर माती टाकायला दरसाल येतात, यंदा काढायला आली. चार दिवस माती उतरत होती. ती सगळी परसात घरकुलाच्या जोत्यात भराव म्हणून गेली, वाया गेली नाही. माती उतरत असताना मधल्या काही कड्यांनी कर्रकन आवाज केला. सगळे बाहेर पळाले. वाकलेले लाकूड ओझे गेल्यावर सरळ होत होते.

पूर्वेच्या दोन खणांवर जुन्या चिपा धुऊन परत घातल्या. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर पांढरी माती फक्त सहा इंच. दोन खणांवर आधी सव्वाअकरा टन होते, आता सव्वातीनच्या आत आले. खांब आणि तुळईच्या सांध्यांत तिरपे लाकडी टेके ठोकले. भिंतीत थोड्या-थोड्या अंतरावर दगड काढून आरपार भोके पाडली आणि त्यांत सळई घालून काँक्रीट भरले, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. भारतीय मानक ब्यूरोने दगडमातीच्या बांधकामासाठी १९९३ साली काढलेल्या नियमांत असे आरपार दगड दर दोन फूट उंचीवर आणि चार फूट अंतरावर सांगितले आहेत. गवंड्याला आधी पटले नाही. आम्ही त्याला आठवण दिली की तो स्वतः किल्लारीच्या पुनर्वसनात बिगारी होता. मग त्याने हात चालवला. तिसऱ्या ओळीत नवी बारीक भिंत घालून घर बंद केले.

उतरवलेले सहा खांब ओसरीत आडवे रचून ठेवले आहेत. वाळवीचे दोन वेगळे, खालून कापून. बाकी चार उद्या कोणी उभे करील तर उभे राहतील.

तुळया मात्र वाचल्या नाहीत. घरकुलाच्या रकमेत आत्याला हवी तशी न्हाणी आणि लोखंडी दार बसत नव्हते. आम्ही आपापल्या परीने मदत केली, तरी कमी पडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यापारी पुन्हा आला आणि चौथी व पाचवी तुळई घेऊन गेला. सात रेघांची आणि नऊ रेघांची. आत्याने पैसे मोजून घेतले, डोळे पुसले नाहीत. आमच्या मुलीला वाईट वाटले. तिला आत्या म्हणाली, "न्हाणी रोज लागती, तुळई रोज दिसती. काय करावं?" त्या दोन तुळया आता वहीतच आहेत, पान अकरा आणि बारा, सांध्याच्या मापांसह.

वहीची दुसरी प्रत विहारातल्या कपाटात ठेवली आहे. त्यानंतर वस्तीतल्या आणखी एका घराने टेप मागून नेला. ते घर लाकडी नाही, पत्र्याचे आहे, १९७२ च्या दुष्काळानंतर बांधलेले. त्यांना तेही काढून ठेवायचे होते.

घरकुलाचा स्लॅब पडल्यावर आम्ही शेवटची मापे घ्यायला गेलो. चौकटीपाशी उभे राहून आत्याला विचारले, पट्टी आता मोकळी करून बघायची का, की सरळ बसवायची, की तशीच? ती पाटीतली ज्वारी झाडत होती.

"तुझ्या आज्यानं ज्या अंगाला लावली त्याच अंगाला राहू दे," ती म्हणाली. "वहीत काढायची तर दोन्ही अंगं काढ."